‘ठग’ तिकडे गेला, ‘ॲट्रॉसिटी’ इकडे आली

आजचा एपिसोड शब्दांचा आहे. पण घाबरू नका, व्याकरण नाही. आज आपण बोलणार आहोत वाईट वागण्याला लावलेल्या शब्दांबद्दल. त्यातही इंग्रजी शब्दांबद्दल. रूड, टॉक्सिक, टॉर्चर, हॅरॅसमेंट, रॅगिंग, ॲट्रॉसिटी. हे शब्द तुम्ही रोज वापरता, मीही वापरतो. ‘बॉस लई टॉक्सिक आहे’, ‘तो क्लासवाला फार रूड बोलतो राव’. बरोबर?

आता यात इतिहास कुठं आला, असं वाटेल. भरपूर आलाय. आणि त्यातला बराचसा आपल्या जालना जिल्ह्यातून, आपल्या मराठवाड्यातून गेलाय. आजची गोष्ट एका वाक्यात सांगायची तर, वाईट वागण्याचा शब्द नुसतं वर्णन करत नाही, तो बोट दाखवतो. ते बोट कुणाचं आणि कुणाकडे, हे बघितलं की इतिहास दिसायला लागतो. चला.

थग लाइफ

सुरुवात एका रीलपासून करू. आजी नातवाला असं काही चोख उत्तर देते की नातू गप्प. व्हिडिओ थांबतो, आजीच्या डोळ्यांवर काळा गॉगल येतो, मागे गाणं सुरू होतं आणि खाली लिहून येतं ‘थग लाइफ’. हे तुम्ही शंभर वेळा बघितलं असेल. पण हा ‘थग’ कोण?

हा आपला ठग. मराठीत ठक. ‘ठकास महाठक’ ही म्हण माहीत आहे ना? आपल्या भाषेत ठक म्हणजे फसवणारा, गंडवणारा. खून करणारा नव्हे. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ पार बदलला. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या लेखी ‘थग’ म्हणजे रस्त्यावर प्रवाशांशी गोड बोलून, रुमालानं गळा आवळून त्यांना मारणाऱ्या टोळीतला माणूस. विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात या टोळ्यांविरुद्ध मोठी मोहीम चालवली.

पण हा शब्द इंग्लंडच्या घराघरात पोचवणारा माणूस दुसराच होता. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. आणि हा गडी नोकरीला होता निजामाकडे! कोवळ्या वयात, १८२४ मध्ये तो भारतात आला, निजामाच्या फौजेत लागला. पुढं नळदुर्गला कारभारी म्हणून राहिला. म्हणजे आपल्या मराठवाड्यातही त्याच्या आयुष्याची काही वर्षं गेली. त्यानं १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ नावाची कादंबरी लिहिली. अमीर अली नावाचा एक ठग आपली कहाणी सांगतो, अशी ती रचना. इंग्लंडमध्ये ती तुफान गाजली, आणि ‘थग’ हा इंग्रजी शब्द होऊन बसला.

खून पडत होते, प्रवासी मारले जात होते, हे खोटं नाही. पण त्या शब्दाचं पुढं काय झालं ते बघा. १८३६ मध्ये कंपनी सरकारनं कायदा केला. त्यात एखाद्यानं अमुक माणसाला मारलं हे सिद्ध करायची गरजच ठेवली नाही. तो ठगांच्या टोळीत होता, एवढं सिद्ध झालं की जन्मभर तुरुंग. आणि ठग म्हणजे नेमकं कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हतीच. म्हणजे कृत्याला शिक्षा देण्याऐवजी शब्दालाच शिक्षा. एकदा कपाळावर शब्द चिकटला की संपलं.

ही वाट पुढं कुठं गेली? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत. त्यात तर माणूसच कशाला, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. पोर जन्माला आलं की गुन्हेगार. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली हा कायदा देशभरातून गेला. पण शब्द गेला नाही. लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं, १९८७ मध्ये. जगानं आपल्या जमातीला चिकटवलेला शब्द त्यांनी पुस्तकाच्या पाठीवर छापून जगालाच परत केला.

तर पुढच्या वेळी आजीच्या डोळ्यांवर गॉगल येईल तेव्हा हसा, जरूर हसा. पण एवढं ध्यानात असू द्या की हा शब्द इथूनच गेला होता, आणि तिकडून परत येताना त्यानं बरीच माणसं चिरडली होती.

लूट त्यांची की आपली?

आता दुसरा शब्द, लूट. इंग्रजीतला ‘लूट’ हा सरळ आपल्याकडून गेलाय. आणि इथं आपल्याला जालना जिल्ह्यातल्या एका गावात जावं लागेल. असई.

२३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचं सैन्य आणि समोर आर्थर वेलस्ली. हाच पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला, यानंच १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. पण तो स्वतः सांगायचा की आपली सर्वात चांगली लढाई असईची. त्याच्याकडची दीड हजारांहून जास्त माणसं त्या एका दिवसात मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

आता शब्दांकडे या. त्या काळच्या इंग्रजी कागदांत पेंढारी करतात ती ‘लूट’ किंवा ‘प्लंडर’. आणि इंग्रज फौज जिंकल्यावर शत्रूचा खजिना, दागिने, जनावरं घेते, त्याला काय म्हणायचं? ‘प्राइझ’. हो, बक्षीसवालं प्राइझ. त्यासाठी प्राइझ एजंट नावाचे अधिकारी असत. मालाची मोजदाद व्हायची, लिलाव व्हायचा, आणि पैसा सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटला जायचा. वरच्याला भलामोठा वाटा, खालच्याला चिमूटभर. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, तेव्हा दख्खनमधून मिळालेल्या अशा पैशावरून तर इंग्रजांचे आपसातच वर्षानुवर्षं वाद चालले.

कृत्य तेच. दुसऱ्याचा माल बळानं घेणं. एकाच्या कपाळावर लूट, दुसऱ्याच्या खिशात प्राइझ. फरक कशात? फरक एवढाच की नोंदवही कुणाच्या हातात होती.

‘ही काय मोगलाई आहे का?’

आता इंग्रजांना फार झोडलं, थोडं घरात बघू.

‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ हे वाक्य तुम्ही पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं असेल, नाटका-सिनेमात ऐकलं असेल. अर्थ काय, तर मनमानी, कुणी वाली नाही, दांडगाई. पण गंमत माहीत आहे? इंग्रजी मुलखातली मराठी माणसं निजामाच्या राज्यालाच मोगलाई म्हणायची. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, जालना. आपण! आपला पत्ताच दुसऱ्यांच्या बोलण्यात वाईट कारभाराचा शब्द होऊन बसला. त्या मोगलाईत राहणारा शेतकरी मात्र स्वतः जुलूम करत नव्हता, सोसत होता. पण शब्द मुलखाला चिकटला, आणि मुलखात तोही आला.

मग हा सोसणारा माणूस तक्रार करताना काय म्हणायचा? जुलूम. जबरदस्ती. बेइमानी. हे सगळे शब्द फारसी-अरबीकडून आले. का आले? कारण शतकानुशतकं कचेरी त्या भाषेत चालायची. निजामाच्या राज्यात तर शेवटपर्यंत, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात येईपर्यंत, वरचा सरकारी कारभार उर्दूत होता. फिर्याद, अर्ज, वकील, मुद्दई, सगळं तिकडचंच. माणूस घरात रडताना आईच्या भाषेत रडतो. पण न्याय मागायला जातो तेव्हा साहेबाच्या कानाला कळेल असा शब्द शोधतो.

ही आजच्या एपिसोडची किल्ली आहे, लक्षात ठेवा. तक्रारीची भाषा ही कचेरीची भाषा असते. पूर्वी कचेरी फारसी-उर्दूत बोलायची, म्हणून आपण ‘जुलूम’ म्हणालो. नंतर कायदे इंग्रजीत लिहिले गेले, म्हणून आपण ‘टॉर्चर’, ‘हॅरॅसमेंट’, ‘ॲट्रॉसिटी’ म्हणू लागलो. लोक म्हणतात, पोरांना इंग्रजीचं वेड लागलंय. असेलही थोडं. पण ‘मला त्रास होतोय’ असं म्हटलं तर कुणी वर बघत नाही, आणि ‘हॅरॅसमेंट होतेय’ म्हटलं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो. हा अनुभव कुणाला नाही?

आपल्याकडे शब्द नव्हते का?

होते की! ढिगानं होते. उद्धट, उर्मट, तिरसट, तुसडा, खडूस, कुजकट, फटकळ, खाष्ट, कजाग, निष्ठुर, आडमुठा. टोचून बोलणं, घालूनपाडून बोलणं, पाणउतारा करणं. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थला, घनसावंगी तालुक्यात, १६०८ मध्ये जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात माणसाच्या वागण्याच्या याद्याच्या याद्या केल्या. मूर्ख कोण, पढतमूर्ख कोण, कुविद्येची लक्षणं कोणती. वाईट वागणाऱ्यांची इतकी बारकाईनं छाननी करणारी भाषा गरीब कशी म्हणायची?

पण या घरगुती शब्दांकडे जरा नीट बघा. साहेब ओरडला तर तो ‘कडक’. शिपाई ओरडला तर ‘उर्मट’. सासरा रागावला तर ‘तापट स्वभाव आहे हो त्यांचा’. सासू रागावली तर ‘खाष्ट’. सुनेनं उलट उत्तर दिलं तर ‘कजाग’. मास्तरनं छडी मारली तर ‘शिस्तीचे’. पोरानं हात झटकला तर ‘उद्धट’. वागणं एकच, पण वरच्याच्या वाट्याला कौतुकाचा शब्द आणि खालच्याच्या वाट्याला शिवीसारखा. ‘कजाग नवरा’ असं कधी ऐकलंय का?

म्हणजे अडचण शब्द नसण्याची नव्हती. शब्द होते, पण ते सगळे वरून खाली फेकायचे होते. खालून वर बोट दाखवायला शब्द कमी पडत होता. आणि नेमक्या त्याच जागी इंग्रजी शब्द येऊन बसला, कारण तो कायद्याचा हात धरून आला.

सासुरवास ते क्रूरता

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे सासुरवास. शब्द फोडा. सासर अधिक वास. सासरी राहणं. बस, एवढाच अर्थ. पण मराठीत सासुरवास म्हणजे छळ, हे लहान पोरालाही कळतं. म्हणजे सासरी राहणं आणि छळ सोसणं हे इतकं एकच होतं की भाषेला दोन वेगळे शब्द करायची गरजच वाटली नाही! बायकांनी पहाटे जात्यावर बसून हे दुःख ओव्यांतून गायलं, पिढ्यानपिढ्या. पण जातं ऐकत होतं, कचेरी ऐकत नव्हती. सासुरवास हा गुन्हा नव्हता, तो रिवाज होता.

१९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली ‘क्रुएल्टी’, म्हणजे क्रूर वागणूक. शारीरिकच नाही, मानसिकसुद्धा. हुंड्यासाठी, पैशासाठी लावलेला तगादासुद्धा. आता दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, तिच्यात हेच कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, त्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं, हेसुद्धा हिंसाचारात धरलं. विचार करा. ‘वांझ’ म्हणून हिणवणं हे इथं पिढ्यानपिढ्या नुसतं ‘बोलणं’ होतं. २००५ मध्ये त्या बोलण्याला कायद्यानं नाव दिलं.

सासुरवास या शब्दात छळणारा कुणीच नाही. नुसती परिस्थिती आहे, नशीब आहे. क्रूरता म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी केली? हा फरक आहे.

दंगल की अत्याचार?

आता आजच्या एपिसोडचा सगळ्यात अवघड भाग. शांतपणे ऐका, मध्येच बंद करू नका.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, घरं सोडून लोकांना पळावं लागलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. या १९७८ च्या घटनेला पुष्कळ ठिकाणी काय म्हटलं जातं? ‘मराठवाड्यातली दंगल’. इंग्रजीत ‘मराठवाडा रायट्स’. आता दंगल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? दोन गट, दोन्हीकडून दगड. कुस्तीच्या फडालाही आपण दंगलच म्हणतो, तिथं तर दोघं बरोबरीचे पैलवान असतात. पण ज्याचं घर जळतंय तो कुठल्या कुस्तीत उतरला होता?

त्यानंतर ११ वर्षांनी, १९८९ मध्ये, संसदेनं अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात शब्द आला ‘ॲट्रॉसिटीज’. मूळ लॅटिन, अर्थ क्रूर, निर्दय वागणं. या शब्दानं काय केलं? त्यानं दोन पैलवानांची कुस्ती मोडीत काढली. इथं करणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा, हे कायद्याच्या नावातच लिहिलं. आणि कायद्यात नुसता मोघम शब्द ठेवला नाही, यादी दिली. अखाद्य गोष्ट जबरदस्तीनं खायला-प्यायला लावणं. दारात घाण, मेलेलं जनावर टाकणं. अंगावरचे कपडे उतरवून धिंड काढणं. जमीन बळकावणं. पाणवठा घाण करणं. रस्ता अडवणं. लोकांसमोर जातीवरून अपमान करणं. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात चपलांचा हार घालणं, मिशा किंवा डोकं भादरणं, सामाजिक बहिष्कार टाकणं हेही आलं. ही यादी कुणी कल्पनेनं केलेली नाही. गावोगाव जे घडत होतं तेच त्यात आहे.

कायद्याचं मराठी नाव ‘अत्याचार प्रतिबंध’ असं आहे. मग आपण ‘ॲट्रॉसिटी’ का म्हणतो? एक कारण असं असावं की ‘अत्याचार’ हा शब्द वर्तमानपत्रांनी आधीच बलात्कारासाठी आडपडदा म्हणून वापरायला घेतला होता. ‘मुलीवर अत्याचार’ वाचलं की आपल्याला दुसरंच कळतं. मग जातीच्या छळासाठी इंग्रजी शब्द तसाच राहिला.

इथपर्यंत ठीक. पण पुढं या शब्दाचं आपल्या तोंडात काय झालं बघा. आज पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर वाक्य कसं असतं? ‘त्यानं माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’. ‘ॲट्रॉसिटी टाकीन म्हणतोय’. आता शब्दशः अर्थ लावा. ॲट्रॉसिटी म्हणजे क्रूर छळ. तर ‘त्यानं माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’ म्हणजे त्यानं माझा क्रूर छळ केला, असं व्हायला पाहिजे. पण आपल्याला काय म्हणायचं असतं? त्यानं माझ्याविरुद्ध तक्रार केली! शब्द पार उलटा फिरला. छळ करणाऱ्याच्या कृत्याचं नाव तक्रार करणाऱ्याच्या कृत्याला चिकटलं. ज्याच्यावर ॲट्रॉसिटी झाली, तोच ‘ॲट्रॉसिटी करणारा’ झाला. कलम ४९८ चंही तेच. ‘बायकोनं ४९८ केली’. जणू छळ तिनंच केला.

कुणी म्हणेल, कायद्याचा गैरवापर होत नाही का? खोटी तक्रार कुठल्याही कायद्याखाली होऊ शकते, चोरीचीसुद्धा होते. खरं-खोटं करायला कोर्ट आहे. या कायद्यावर तर सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला, तोही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून. २० मार्च २०१८ ला कोर्टानं अटकेआधी चौकशीसारख्या अटी घातल्या, त्याच वर्षी संसदेनं कायद्यात दुरुस्ती करून त्या हटवल्या, आणि २०२० मध्ये कोर्टानं ती दुरुस्ती कायम ठेवली. तो वाद करायला हरकत नाही, जरूर करा. पण चोरीची खोटी तक्रार झाली म्हणून आपण ‘त्यानं माझ्यावर चोरी केली’ असं म्हणत नाही. मग इथंच भाषा का फिरली? कारण ज्यांच्या हातात गावातल्या गप्पांचा सूर असतो, त्यांच्यावर पहिल्यांदाच बोट रोखलं गेलं होतं. कायदा संसदेत झाला, शब्द मात्र पारावर ठरला.

‘सौम्य’ मार

आणखी एक शब्द, आणि त्याची गोष्ट तर अलीकडचीच. लाठीचार्ज. अर्धा देशी, अर्धा इंग्रजी.

१ सप्टेंबर २०२३. अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील २९ ऑगस्टपासून उपोषणाला बसले होते. संध्याकाळी पोलिसांनी लाठीचार्ज केला. आंदोलक जखमी झाले, बायका-म्हातारी माणसंही. पोलिसांकडून सांगण्यात आलं की दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले. देशभर जालन्याचं नाव टीव्हीवर झळकलं. पुढच्या काही दिवसांत गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या लाठीचार्जबद्दल माफी मागितली.

त्या घटनेच्या राजकारणात मी शिरत नाही. मला फक्त शब्दाकडे बघायचंय. अशा बातम्यांत आपल्याकडे एक ठरलेला शब्दप्रयोग असतो, ‘सौम्य लाठीमार’. कुठलंही आंदोलन असो, कुठलंही गाव असो. काठी पाठीवर बसल्यावर ती सौम्य कशी? सौम्य हे कुणी मोजलं, काठी मारणाऱ्यानं की खाणाऱ्यानं? तसंच ‘बळाचा वापर करण्यात आला’. कुणी केला? वाक्यात कुणीच नाही. करण्यात आला, बस. मघाशी सासुरवासात जसा छळणारा गायब होता, तसा इथं मारणारा गायब. प्राइझ म्हटलं की लूट गायब होते, तसंच हे. दोनशे वर्षांत डाव तोच आहे.

मग टॉक्सिकचं काय?

आता तुमच्या-आमच्या शब्दांवर येऊ. टॉक्सिक हा शब्द मूळ ग्रीक भाषेत बाणाला लावायच्या विषाशी जोडलेला आहे. ऑक्सफर्डनं तो २०१८ चा शब्द म्हणून निवडला. गॅसलायटिंग आला १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून. त्यात नवरा बायकोला पटवत राहतो की हा सगळा तुझा भास आहे. रूड म्हणजे मुळात ओबडधोबड, न घडवलेलं. आणि बुली हा शब्द सोळाव्या शतकात ‘लाडक्या’सारखा प्रेमानं वापरायचे, विश्वास बसतो का?

हे शब्द वाईट नाहीत. ‘गॅसलायटिंग’ वाचून ‘अरे, माझ्या घरात हेच चाललंय’ असं कुणाला कळलं असेल, तर त्या शब्दानं मोठं काम केलं. पण एक धोका आहे. आपण ते ठगासारखे वापरायला लागलो आहोत. तो टॉक्सिक, ती टॉक्सिक, अख्खं गाव टॉक्सिक. माणसाच्या कपाळावर शब्द चिकटवला आणि विषय संपला. त्यानं काय केलं, हे सांगायचंच राहून गेलं. शिवाय ‘सर टॉक्सिक आहेत’ असं लिहून दिलेल्या कागदाचं कुठलंही ऑफिस काही करू शकत नाही.

याउलट रॅगिंग बघा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. यूजीसीचे २००९ चे नियम तर इतके बारीक आहेत की दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलून, लिहून किंवा कृतीनं उद्धटपणे, ‘रूडली’ वागणं हेसुद्धा त्यात येतं. म्हणजे तुमचा रोजचा ‘रूड’ नियमांत बसलेला आहे! पण तिथंही तक्रार करताना तुम्हाला सांगावंच लागतं, कोण, कधी, कुठं, काय म्हणाला, समोर कोण होतं.

म्हणून आजचं काम सोपं आहे. पुढच्या वेळी कुणाला टॉक्सिक म्हणावंसं वाटलं तर म्हणा, पण लगेच दुसरं वाक्य जोडा, क्रियापदासकट. ‘तो टॉक्सिक आहे’च्या पुढं ‘त्यानं मंगळवारी सगळ्यांसमोर माझ्या जातीवरून टोमणा मारला’. ‘सासू टॉर्चर करते’च्या पुढं ‘तिनं मला दोन दिवस माहेरी फोन करू दिला नाही’. आणि कुणी ‘माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’ म्हणालं तर साधा प्रश्न विचारा, ‘म्हणजे तुझ्याविरुद्ध तक्रार झाली का? कशाबद्दल?’ भांडायचं नाही, फक्त विचारायचं. एवढ्यानं वाक्य पुन्हा सरळ होतं.

आणि ज्यांना आज हे ऐकताना स्वतःचंच काही आठवलं असेल, त्यांच्यासाठी नंबर लिहून घ्या. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. महिलांसाठी १८१. जातीवरून होणाऱ्या छळासाठी १४५६६. तातडीची वेळ असेल तर ११२. फोन लावल्यावर इंग्रजी शब्द आठवला नाही तरी चालेल. काय झालं ते आपल्या भाषेत सांगा, पहिल्यापासून.

तुमच्या गावात वाईट वागण्याला कुठले खास शब्द आहेत, ते मला नक्की पाठवा. मंठा-परतूरकडचे वेगळे असतील, भोकरदन-जाफराबादकडचे वेगळे. फक्त एक अट. शब्दासोबत हेही लिहा की तो कोण कुणाला म्हणतं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.